पणजोबांचा घाम

"आला! घाम आला!"

पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि खोलीतली साठ-सत्तर माणसं एकदम पुढे रेलली. माझ्या पायावर एकाच वेळी तीन पाय पडले. खिडक्या घट्ट बंद होत्या, त्यांवर जाड पडदे होते, दाराच्या फटीत कापड कोंबलेलं होतं. दोन कोपऱ्यांत दोन शेगड्यांवर मोठी पातेली रटरटत होती. त्यांत कसलासा पाला टाकलेला होता आणि त्याची वाफ छतापर्यंत जाऊन पुन्हा आमच्याच डोक्यावर उतरत होती. मधोमध उंच मेजावर चीजचं एक चाक ठेवलेलं होतं: काळपट, खडबडीत, सायकलच्या चाकाच्या निम्म्या आकाराचं आणि चांगलं वीतभर जाड. त्याच्या कोरड्या सालीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पाण्याचे थेंब उमटत होते. आधी टाचणीच्या डोक्याएवढे, मग वाटाण्याएवढे. मग एक थेंब ओघळला, त्याच्यामागे दुसरा.

त्या चाकाला गावात 'पणजोबा' म्हणत.

"काय म्हणाले पणजोबा?" चाकाशेजारी उभ्या असलेल्या माणसानं विचारलं.

"हो म्हणाले!" साठ घसे एकदम.

हा माणूस म्हणजे चीजघराचा मालक. चीज मुरवायचं त्याचं तळघर या खोलीच्या खालीच होतं, म्हणून लोक त्याला तळघरस्वामी म्हणत. त्याच्या वडिलांना सगळे नुसते 'चीजवाले' म्हणायचे. एका पिढीत केवढी बढती!

"दूध शुद्ध असलं की पणजोबांना घाम फुटतो," स्वामी म्हणाला. आवाज असा, जणू प्रत्येकाच्या कानात वेगळं सांगतोय. "नसलं तर ते कोरडे राहतात. शंभर वर्षांचा हा जीव, तो खोटं कशाला बोलेल? डॉक्टर म्हणतो, दूध तापवा. अहो, तापवलं की ते मेलं! माणसाला उकळून काढलं तर माणूस उरेल का?"

लोक हसले.

"आमचं दूध निरसं. धारेचं. जिवंत! आणि प्रयोगशाळेत म्हणे भिंगातून बघतात. भिंगातून मुंगी दिसेल बाबांनो, पुण्याई दिसेल का? चला, सगळ्यांनी पणजोबांकडे तोंड करून श्वास सोडा. आपला भार त्यांच्यावर टाका. हाऽऽऽ..."

"हाऽऽऽ," सगळ्यांनी तोंडं उघडून श्वास सोडला. थेंब आणखी फुगले.

स्वामीनं एका फडक्यानं तो घाम पुसला, फडकं मिठाच्या पाण्याच्या पसरट तसराळ्यात पिळलं आणि चमचा भरून पहिल्या रांगेत बसलेल्या बाईच्या तोंडाशी नेला. तिला सातवा महिना होता. ती डोळे मिटून तो चमचा प्यायली. वर चीजचा एक तुकडा खाल्ला.

ती माझी भाची. माझ्या सख्ख्या बहिणीची, ताईची, एकुलती एक मुलगी.

शेजारी तिची लेक उभी होती, नऊ वर्षांची. एका जागी कधी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिनं माझा पदर ओढला. "मावशीआजी, चीजला घाम कसा येतो?"

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. एवढं कळलंय की आपण उत्तर दिलं की मुलाचा प्रश्न मरतो. म्हणून मी तो परत त्याच्याच हातात देते आणि वाट बघते.

भिंगरी कपाळाला आठ्या घालून चाकाकडे बघत राहिली. मीही बघत होते, पण चाकाकडे नाही, त्या तसराळ्याकडे. पाणी गढूळ होतं. फडकं करडं पडलेलं होतं. ते बहुधा कधी पूर्ण वाळतच नसावं. आणि जमिनीतल्या मोरीच्या जाळीतून, खालच्या तळघराचा थंड, ओला श्वास वर येत होता.

घरी जाताना मी ताईला म्हटलं, "ताई, तिला हे देऊ नकोस."

"आलं तुझं भिंग," ताई म्हणाली. पण मग रस्त्यातच थांबली. "दोनदा गेलं गं तिचं. एक चौथ्या महिन्यात, एक पाचव्या. या वेळी सातवा लागलाय. पणजोबांचं पाणी सुरू केल्यापासून एकदाही काही झालं नाही. तू मला सांग, आता मी ते बंद करू? आणि मग काही झालं, तर कुणाच्या तोंडाकडे बघू?"

भीती वाटणाऱ्या माणसाला 'तू मूर्ख आहेस' असं सांगण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही.

पण मला दुसरी एक गोष्ट आठवत होती. दोन महिन्यांपूर्वी पाववाल्याच्या बायकोचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. आधी दोन दिवस तिला जरासा ताप आला होता, इतकंच. त्यानंतर महिन्याभरानं पोस्टमनची म्हातारी आई मेंदूज्वरानं गेली. एक तरणी, एक म्हातारी. एक गावाच्या या टोकाला, एक त्या. कुणी दोन्ही गोष्टी जोडून बघितल्या नाहीत. मीही नाही. पण दोघी दर रविवारी याच खोलीत बसायच्या.

सोमवारी सकाळी मी स्वामीच्या दुकानातून पाव चाक चीज विकत घेतलं, बर्फाच्या डब्यात घातलं आणि बस धरून सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथं काम करणारी बाई माझी विद्यार्थिनी. आठवीत असताना तिनं शाळेच्या प्रयोगशाळेतली परीक्षानळी फोडली होती आणि स्वतः येऊन कबूल केलं होतं. अशा मुली लक्षात राहतात.

"बाई, निरशा दुधाचं चीज म्हणजे विष असं नाही हं," ती हातमोजे चढवत म्हणाली. "नीट करणारी कितीतरी माणसं आहेत. पण ती हात कोपरापर्यंत धुतात, जनावराची कास धुतात आणि दर खेपेला नमुना तपासायला पाठवतात. तुमच्या त्या चीजवाल्यांचे यायचे आमच्याकडे, मोठ्या मालकांचे. ते गेल्यापासून एक नाही."

"वासावरून कळेल का काही?"

"हाच तर त्याचा पाजीपणा. मला ज्याची भीती वाटतेय तो जंतू, लिस्टेरिया, त्याला ना वास, ना चव, ना रंग. थंडीत बाकीचे जंतू गारठतात. हा फ्रीजमध्येसुद्धा सावकाश वाढतो. मिठाला भीत नाही. ओली फळी, ओलं फडकं, मोरीची जाळी, तिथं वर्षानुवर्षं घर करून राहतो. धडधाकट माणसानं खाल्लं तर बहुतेक वेळा काही होत नाही. पण म्हाताऱ्यांना..." ती थांबली. "आणि गरोदर बाईला स्वतःला नुसता ताप येतो. पोटातल्या बाळाला तो सोडत नाही. खाल्ल्यावर कधी दोन दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. म्हणून खाणं आणि दुखणं यांची गाठ कुणाला दिसत नाही."

तिनं चीजचे पंचवीस ग्रॅम तोलले, सालीसकट, आणि एका पिशवीतल्या रसात कालवून उबेत ठेवले. "एखाददुसरा जंतू असेल तर दिसणार नाही. आधी त्याला खायला घालून वाढवायचं, मग काचेच्या बशीवर पसरायचं. पक्कं सांगायला पाच-सहा दिवस. घाई करता येत नाही, बाई. पण भाचीचं खाणं आजच थांबवा."

मी ताईच्या घरी येऊन सांगितलं. ताई म्हणाली, "पाच दिवस? पणजोबा पाच मिनिटांत सांगतात." भाची पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली.

मंगळवारी प्रयोगशाळेतली ती बाई रीतसर कागद घेऊन चीजघरात आली. मी आणि भिंगरी बरोबर होतो. कुणकुण आधीच लागली होती. दारात पंचवीस-तीस माणसं होती आणि पणजोबा मेजावर तयार होते. आज मात्र खिडक्या सताड उघड्या होत्या आणि शेगड्या थंड.

"या या, तपासा!" स्वामी हात पसरून म्हणाला. "पण आधी पणजोबांना विचारू, या बाईंचे हात शुद्ध आहेत का."

त्यानं कापड काढलं. सगळे वाट बघत राहिले. चाक कोरडं ठणठणीत.

"कोरडे!" स्वामी कुजबुजला, आणि ती कुजबुज शेवटच्या माणसापर्यंत पोचली. "शंभर वर्षांत पहिल्यांदा."

"बाहेर काढा तिला!" कुणीतरी म्हणालं. लोक जवळ सरकले. ओरडाआरडा मला चालतो. मी वर्ग सांभाळलेत. पण ही माणसं ओरडत नव्हती. ती नुसती जवळ येत होती, आणि त्यांच्यात निम्मे माझे जुने विद्यार्थी होते.

प्रयोगशाळेतल्या बाईनं मान वर केली नाही. तिनं मोरीच्या जाळीवरून एक बोळा फिरवला, तळघराच्या फळीवरून दुसरा, तसराळ्यातल्या पाण्यात तिसरा बुडवला, तिन्ही नळ्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि निघाली. दारात कुणीतरी तिच्या पाठीवर थुंकलं. तिनं पुसलंही नाही.

या गडबडीत भिंगरी कुठे होती? मेजापाशी. तिचा तळहात पणजोबांवर टेकलेला होता.

परत येताना ती निम्म्या वाटेत एका जागी थांबली. हे कधीच होत नाही.

"मावशीआजी, पणजोबा आज गार नव्हते."

"मग?"

"रविवारी मी हात लावला होता तेव्हा गारेगार होते. फ्रीजमधल्या डब्यासारखे."

"मग?"

"'मग, मग' काय करतेस! थांब, घरी जाऊन बघू दे मला."

बुधवारी ताईच्या स्वयंपाकघरात तिनं दुकान मांडलं. स्टीलचे दोन झाकणाचे डबे पाण्यानं भरले. एक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेला, दुसरा ओट्यावर. खिडकी बंद केली, शेगडीवर पातेलं उकळत ठेवलं आणि दोन्ही डबे शेजारी शेजारी मांडून, हनुवटी टेकवून बसली.

"अगं, वाफेनं भिंती खराब होतील," ताई म्हणाली.

"आज्जी, शूऽऽ. डब्याला घाम येतोय."

गार डब्यावर थेंब धरले होते. ओट्यावरचा डबा कोरडा होता. भिंगरीनं गार डब्यावर 'हाऽऽऽ' केलं, तेव्हा थेंब आणखी फुगले. मग खिडकी उघडली, पातेलं उतरवलं आणि तो डबा चांगला तीन तास तसाच ठेवला. पुसून पाहिला. मग खिडकी लावून, पातेलं चढवून पुन्हा 'हाऽऽऽ' केलं, घसा बसेपर्यंत. काही नाही.

"पाणी चीजमधून येतच नाही! हवेतून येतं!" ती किंचाळली. "वाफ गार गोष्टीला लागली की तिचं पाणी होतं. रविवारी त्यांना तळघरातून थेट वर आणतात. आणि कालच्यासाठी परवाच वर आणून ठेवलं असणार! लबाड!"

ताईनं डब्यावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ती ओल्या बोटाकडे बघत राहिली, पण म्हणाली इतकंच, "डबा वेगळा, पणजोबा वेगळे."

भाची दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

गुरुवारी दुपारी तिला ताप आला. एकशे एक. कंबर दुखत होती. "थकवा असेल," ती म्हणाली. ताईनं स्वामीला निरोप धाडला. त्याचं उत्तर आलं: घरात शंकेखोर माणूस शिरलंय, त्याचा हा ताप; दिवसातून तीन चमचे पाणी द्या आणि त्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवा. बरोबर बाटली होती. गढूळ पाण्याची.

ताईनं चमचा भरला. तो लेकीच्या तोंडाशी नेला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. "बाई," प्रयोगशाळेतल्या बाईचा आवाज अगदी सपाट होता. "अजून पक्कं नाही. पण बशीवर निळे-हिरवे ठिपके उगवलेत आणि प्रत्येकाभोवती पांढरट कडं आहे. त्याच्या निरुपद्रवी भाऊबंदांचे ठिपके निळेच असतात, पण त्यांच्याभोवती कडं नसतं. चीजमध्ये आहे. मोरीत आहे. आणि सगळ्यात जास्त..."

"तसराळ्यात," मी म्हटलं.

"हो. भाची कशी आहे?"

"ताप आहे."

"उद्याची वाट बघू नका. आत्ता दवाखाना. मी डॉक्टरांना फोन करते."

मी फोन ठेवला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. ताई चमचा धरून तशीच उभी. "उद्या पणजोबांना विचारू या. एकदाच," ती पुटपुटली. "एकदाच विचारू या."

भिंगरी उठली. फ्रीजमधून तिनं तिचा डबा काढला आणि आईच्या हातात दिला. खोलीत उकडत होतं. क्षणभरात आईच्या बोटांमधून थेंब ओघळायला लागले.

"आई," ती म्हणाली, "हा पण 'हो' म्हणतोय. याला काहीही विचार, हा 'हो'च म्हणेल."

भाचीनं डबा खाली ठेवला. ओला हात पोटावर ठेवला. मग ताईच्या हातातला चमचा घेतला आणि मोरीत रिकामा केला. "मावशी, माझी पिशवी भर," ती म्हणाली. "आई, तू येणार असशील तर चप्पल घाल."

ताईनं चप्पल घातली. दोन पायांत दोन वेगळ्या.

डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि निकालाची वाट न बघता शिरेतून औषध सुरू केलं. "बाळाचे ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "जरा जोरात पडताहेत. पुढचं आत्ता सांगता येणार नाही." शनिवारी प्रयोगशाळेचा पक्का निकाल आला, आणि रक्ताचाही. दोन्हीकडे तोच जंतू. बाळाचे ठोके अजून होते. 

त्याच संध्याकाळी माझ्या दाराशी एक बाई आली. चीजघरात तीस वर्षं, मुरायला ठेवलेली चाकं मिठाच्या पाण्यानं पुसायचं काम करणारी. तिचे हात मिठानं सोलवटलेले होते.

"शाळेच्या बाई, तुमच्या पोरीचं कळलं. मला एक सांगायचंय," ती उंबऱ्यावरच बसली. "थोरले मालक होते ना, त्यांचा नियम होता. आधी कोवळी चाकं पुसायची, मग जुनी. आणि पुसून झालं की पाणी ओतून टाकायचं, फडकं उकळायचं. रोज. जुन्यांच्या अंगावर नाना घाण असते, ती कोवळ्यांना लागू नये म्हणून. धाकट्यांनी ते उलटं केलं. म्हणाले, मोठ्यांचा मान आधी. आधी पणजोबांना पुसायचं आणि त्याच पाण्यानं बाकी सगळ्यांना. म्हणाले, हा वारसा. पाणी ओतायचं नाही, वरून नुसतं मीठ घालायचं. दोन वर्षं झाली, ते तसराळं रिकामं झालेलं नाही." तिनं हात पदराखाली लपवले. "मीच पुसली सगळी. या हातांनी."

"आणि पणजोबा शंभर वर्षांचे?" मी विचारलं.

एवढ्यातही तिला हसू आलं. "कसले शंभर! हे तिसरे पणजोबा. दीड वर्षाचे आहेत. तुमच्या भिंगरीचे धाकटे भाऊ शोभतील."

"बाई, एक काम कराल?" आई दवाखान्यात म्हणून माझ्याकडे आलेली भिंगरी आतून म्हणाली. तिच्या हातात तिचा स्टीलचा डबा होता.

रविवारी खोली नेहमीपेक्षा जास्त भरली होती. प्रयोगशाळेतली बाई आणि तिचे साहेब कुलूप-सील घेऊन दारात उभे होते. लोक त्यांना आत येऊ देत नव्हते. "आधी पणजोबांना विचारा!" असा गलका चालला होता. स्वामीला तेच हवं होतं. खिडक्या बंद, पातेली रटरटत, चाक नुकतंच खालून आणलेलं. कापड निघालं, साठ तोंडं उघडली, "हाऽऽऽ." आणि घाम आला.

"हो म्हणाले!" छप्पर उडेल असा आवाज झाला.

चाकं पुसणारी बाई पुढे आली आणि तिनं पदराखालून डबा काढून पणजोबांशेजारी ठेवला. तोही रात्रभर त्यांच्याच फळीवर होता. लोक बघत होते. डब्यावर थेंब धरले. फुगले. ओघळले.

गलका थांबला.

"स्वामी," भिंगरी म्हणाली, "माझा डबा शुद्ध आहे का?"

स्वामी हसला. लहान मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायची संधी कोण सोडतो? "पणजोबांच्या सावलीत रात्र काढलीये त्यानं, बाळ. घाम फुटलाय, दिसतोय ना? शुद्ध. शंभर टक्के शुद्ध."

"मग त्यातला एक घोट प्या."

मी लगेच पुढे होऊन तिचा खांदा धरला. "पिऊ नका, स्वामी. झाकण उघडून फक्त वास घ्या."

त्यानं झाकण उघडलं. चेहरा बाजूला केला. पहिल्या रांगेतल्या माणसांनी नाकाला रुमाल लावले.

"मोरीचं पाणी आहे," पुसणारी म्हणाली. "तळघराच्या मोरीचं. मीच भरलं." मग ती लोकांकडे वळली आणि तिनं तसराळ्याची गोष्ट सांगितली. हळू, एकेक शब्द, जशी मला सांगितली होती तशी. पणजोबांचं वयही सांगितलं. कुणी हसलं नाही.

स्वामीच्या कपाळावर आता खराखुरा घाम होता. "मी स्वतः रोज खातो!" तो म्हणाला. "मला काय झालं? सांगा ना, मला काय झालं?"

"तुम्हाला काही झालं नाही," दारातून प्रयोगशाळेतली बाई म्हणाली. "धडधाकट माणसाला बहुतेक वेळा होत नाही. म्हणून तर तुम्हाला कळलं नाही."

तेवढ्यात पाववाल्याची बायको उठली. ती शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली होती. बाळ गेल्यावरही ती दर रविवारी यायची. स्वामीनं तिला सांगितलं होतं की तिच्या मनात शंका होती म्हणून तसं झालं.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की सगळ्यांना गप्प बसावं लागलं. "सातव्या महिन्यात. मी विचारलं होतं, बाळ नीट आहे ना. पणजोबा 'हो' म्हणाले होते."

स्वामी मेजापासून एक पाऊल मागे सरकला.

ती गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी गेली. पडदा ओढला, खटका काढला, खिडकी उघडली. मग दुसरी. बाहेरची कोरडी हवा आत आली. एकानं उठून शेगड्या बंद केल्या. मग आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी बसून राहिलो, आणि बघत राहिलो. पणजोबांचा घाम तासाभरात वाळला. डब्याचाही.

तळघराला सील लागलं. चारशे बारा चाकं निघाली, सगळी त्याच फडक्यानं पुसलेली. ती नष्ट करायला नेली तेव्हा प्रत्येकाची नोंद झाली.

भाचीला दिवस भरायच्या पाच आठवडे आधी मुलगा झाला. इवलासा, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावा लागला. पण रडला, आणि चांगला खणखणीत रडला. ताई हल्ली दुधाच्या पातेल्याशेजारी उभी राहते आणि ते वर येईपर्यंत हलत नाही. भिंगरी तिला चिडवते, "आज्जी, मेलं गं ते दूध!" ताई म्हणते, "मरू दे. बाळ जगलं ना." पाववाल्याची बायको कधी कधी बाळाला बघायला येते. मांडीवर घेते, थोडा वेळ बसते, परत देते.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, ही गोष्ट इथं संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण प्रयोगशाळेतल्या बाईनं मला आणखी एक सांगितलं. नष्ट करायच्या वेळी पणजोबांना तोललं, तेव्हा त्यांची एक फोड कमी होती. धारदार सुरीनं, ताजी कापलेली. कुणी नेली, कधी नेली, कुठल्या गावाला नेली, ते कळलेलं नाही.

म्हणून सांगून ठेवते. उद्या तुमच्या गावात कशाला तरी घाम फुटला, अश्रू आले, कुणीतरी 'हो' म्हणालं, तर नमस्कार करायला वाकण्याआधी जवळ जा आणि हात लावून बघा. गार आहे का? खिडकी का बंद आहे? ती उघडली तर काय होईल? जो 'हो' म्हणतोय तो कधी 'नाही' म्हणू शकतो का, आणि कुणाच्या सोयीनं? या प्रश्नांनी खरी गोष्ट मोडत नाही. आणि कुणी तुम्हाला ते विचारू देत नसेल, तर तिथं खाऊ नका, पिऊ नका, आणि तुमच्या माणसाला हाताला धरून बाहेर काढा. उत्तर यायला पाच दिवस लागले तरी चालतील. पण बाहेर त्याच दिवशी काढा.